सतरंजी झटका, पण अंगणात



भोर-वेल्ह्यात पाऊस सरला,
की दोरीवर घोंगड्या, गोधड्या, सतरंज्या दिसू लागतात.
ही जुनी रीत फार मोलाची आहे.
घरात कुणाला दमा असेल,
उठल्या उठल्या शिंका येत असतील,
तर अधिकच.

अंथरुणात, गालिच्यात धुळीचे किडे राहतात.
डोळ्यांना न दिसणारे.
आपल्या कातडीचा गळालेला कोंडा, हे त्यांचं खाणं.
पाणी मात्र ते पीत नाहीत.
हवेतला ओलावाच शोषून घेतात.
आपल्या घाटमाथ्याकडच्या गावांत
पावसाळाभर असा ओलावा भरपूर.

त्रास होतो, तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा.
किडे उन्हानं मेले, तरी ती मागे उरते.
म्हणून नुसतं ऊन पुरत नाही.
ऊन द्या.
मग झटका.
धुता येईल ते धुवा.

झटकायचं कुठे?
अंगणात. घरात नाही.
घरात झटकलं, की तीच धूळ श्वासात जाते.
आणि दमा असलेल्यानं झटकू नये.
दुसऱ्यानं झटकावं, नाकाला रुमाल बांधून.

सुती सतरंजी कढत पाण्यात धुवा.
लोकरीची घोंगडी तशी धुऊ नका, ती आटते.
तिला ऊन द्या आणि अंगणात झटका.
जाड गालिचा दम्याच्या माणसाच्या खोलीत नसलेलाच बरा.
तिथली फरशी ओल्या फडक्यानं पुसा.

सफाई केली म्हणून औषध थांबवू नका.
धाप लागली, तर वेळ न घालवता
जवळचं आरोग्य केंद्र गाठा.