झबल्याची किंमत

गेल्या हिवाळ्यात मी बंगळूरला माझ्या लेकीकडे राहावयास गेले होते. होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या मध्ये जी वसाहत आहे, तिला एचएसआर लेआउट म्हणतात. होसूर, सर्जापूर आणि रोड या तीन शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे जोडून हे नाव झाले. देशाच्या सगळ्या प्रांतांतून नोकरीसाठी आलेली तरुण बिऱ्हाडे येथे उंच इमारतींतून राहतात. माझी लेक राहते त्या इमारतीतल्या आयांनी ठरविले की, एका रविवारी तळमजल्यावर, मोटारी उभ्या करतात त्या जागेत, मुलांच्या वापरलेल्या वस्तूंची विक्री मांडावयाची. माझा नातू पाच वर्षांचा झाला होता. माळ्यावरून पाळणा, बाबागाडी, जेवणाची उंच खुर्ची, ठोकळे, झबली आणि दुपटी खाली आली. लेक म्हणाली, "आई, तू जन्मभर शाळेत गणित शिकविलेस. आता किमती तूच लाव."

मी चिठ्ठ्या आणि पेन्सिल घेऊन बसले. पण पहिल्या तासात एकाही चिठ्ठीवर आकडा पडला नाही. त्याचे कारण गणितात नव्हते. आमच्या लहानपणी मुलांच्या वस्तू कोणी विकीत नसे. बाळाचे पहिले झबले आजोबांच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचे असावयाचे. दुपटी आजीच्या लुगड्याची. पाळणा तर घराण्यात फिरताच असे. आत्याकडून मावशीकडे, मावशीकडून मामीकडे जाता जाता तो मूळचा कोणाचा, हेही लोक विसरून जात. अशा वस्तूला किंमत नसते, असे आपण म्हणतो. आणि या वाक्याचे दोन अगदी उलट अर्थ होतात, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

मग मला आमच्या दारी येणारी बोहारीण आठवली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. आई तिच्यापुढे लुगडे टाकी आणि म्हणे, "चांगले जरीकाठी आहे, लग्नातले!" बोहारीण ते उलगडून उजेडासमोर धरी. जेथे विरले असेल तेथून उजेड आरपार येई. ती एक शब्दही न बोलता भल्या पातेल्याऐवजी लहानसे पातेले पुढे सरकवी. लग्न कोणाचे, लुगडे कोणी घेतले, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. हे कापड यापुढे किती दिवस टिकेल, एवढेच ती पाहत असे. वापरलेल्या वस्तूची किंमत मागे पाहून लावावयाची नसते, पुढे पाहून लावावयाची असते. हा धडा तिने शेकडो आयांना शिकविला असेल.

धडा आठवला, पण वळला नाही. नातू दवाखान्यातून घरी आला तेव्हा अंगात घातलेले पिवळे झबले हाती आले आणि मी चिठ्ठीवर तीनशे रुपये लिहून मोकळी झाले. लेक हसली. म्हणाली, "आई, नवे याहून स्वस्त मिळते." हा दोष माझ्या एकटीचा नाही. १९९० साली कानेमन, नेच आणि थेलर या तीन विद्वानांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी साधे पेले दिले आणि ते केवढ्याला विकाल, असे विचारले. इतरांना ते केवढ्याला घ्याल, असे विचारले. ज्यांच्या हाती पेला होता, त्यांनी घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट किंमत सांगितली. पेला त्यांच्याकडे येऊन फारसा वेळही झाला नव्हता. मग पाच वर्षे ज्या वस्तूत मूल वाढले, तिची काय कथा!

यावर मी एक उपाय काढला. शेजारी एक तमिळ आजी होत्या. त्याही याच कामाला बसल्या होत्या. मी त्यांना सुचविले की, तुमच्या वस्तूंच्या किमती मी लावते, माझ्या तुम्ही लावा. त्यांनी माझ्या पिवळ्या झबल्याला दहा रुपये लिहिले. मी त्यांच्या नातीच्या रेशमी परकराला साठ रुपये लिहिले. दोघींनाही राग आला, आणि दोघींनाही कळून चुकले की किमती बरोबर आहेत.

त्यानंतर काम झपाट्याने झाले. श्रोत्यांपैकी कोणावर असा प्रसंग आला तर उपयोगी पडावे म्हणून आमचे नियम सांगते. प्रथम न विकण्याच्या वस्तू वेगळ्या काढाव्या. ज्यांच्यावर मुलाचा जीव अवलंबून असतो, अशी मोटारीतली खुर्ची किंवा शिरस्त्राण, एकदा अपघातात सापडले असेल किंवा त्याची मुदत संपली असेल, तर ते फुकटही देऊ नये. बाटलीची जुनी बुचे, रंगाचे पोपडे उडालेली खेळणी, बटणाएवढ्या सेलचे झाकण सैल झालेली खेळणी, ही केरातच जावी. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. त्यापूर्वीचे खेळणे नीट तपासूनच पुढे द्यावे.

उरलेल्यांत, चाके आणि गतिरोधक शाबूत असलेल्या गाडीला नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी किंमत आम्ही ठेविली. कपड्यांना फार तर दहावा हिस्सा. कपडे पुष्कळदा नव्यासारखेच असतात, कारण मूल ते झिजविण्यापूर्वीच त्यांतून बाहेर पडते. पण हीच गोष्ट प्रत्येक घरी घडते. म्हणून ते ढिगांनी येतात आणि त्यांचा भाव पडतो. याच्या उलट लेगोचे ठोकळे. १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात घट्ट बसतो. जे शिळे होत नाही, त्याची किंमत उतरत नाही. म्हणून ते आम्ही निम्म्या किमतीला ठेविले.

विक्रीच्या दिवशी गर्दी झाली. "एष्टु?" म्हणजे केवढ्याला, आणि किंमत ऐकताच, "कम्मी माडि!" हा 'कम्मी' आपल्या 'कमी'चाच भाऊ आहे, हे ऐकून मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. आणि या गावात मराठी माणसाने हातची वस्तू विकावयास काढण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. १६३८ साली बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे एकोजीराजे तंजावरला स्थिरावले आणि इतक्या दूरचे शहर राखणे त्यांना जड झाले. म्हैसूरच्या चिक्कदेवराजांशी तीन लक्ष रुपयांचा सौदा ठरत होता. तोच १६८७ साली मोगल सरदार कासीमखान शहरात शिरला, आणि तेवढ्याच तीन लक्षांना ते म्हैसूरकडे गेले. शहर विकतानाही विकणाऱ्याच्या मनात पिवळे झबले असेलच.

आता त्या दिवशीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. इमारतीचे जिने झाडणारी एक बाई बाबागाडीपाशी बराच वेळ उभी होती. तिच्या लेकीचे दिवस भरत आले होते. चिठ्ठीवर आठशे रुपये होते. माझी लेक माझ्या कानाशी लागली, "आई, तिला तशीच देऊन टाकू या." मी काही बोलणार तोच त्या बाईने किंमत विचारली आणि स्वतःच म्हणाली, तीनशे. तिच्या स्वरात अजीजी नव्हती. तिने गाडी पुढेमागे ढकलून पाहिली, एका चाकावर बोट ठेवून नापसंती दाखविली, कापड उजेडाकडे धरले. मला एकदम आमची बोहारीण दिसली. मी म्हटले, पाचशे. शेवटी चारशेंवर सौदा तुटला आणि वर दोन दुपटी तिने मागून घेतली.

संध्याकाळी लेक माझ्यावर रुसली. तिच्याकडून पैसे घ्यावयास नको होते, असे तिचे म्हणणे. मला रात्री झोप लागली नाही. चारशे रुपये आमच्या घरी काहीच नव्हते, तिच्या घरी पुष्कळ होते. हे गणित मला येत होते. मी चुकले, असेच पहाटेपर्यंत वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजले. ती बाई गाडी घेऊन उभी होती. आभार मानावयास नव्हे. तक्रार करावयास आली होती. एक चाक कुरकुरत होते. "पैसे मोजले आहेत," ती म्हणाली, आणि गाडी आमच्या उंबऱ्यावर उभी केली. आपल्याकडे म्हण आहे, धर्माची गाय आणि दात का गे नाय. फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजावयाचे नसतात. ही गाय धर्माची नव्हती. म्हणून ती बाई दात मोजावयास आमच्या दारी आली होती, आणि तो तिचा हक्क होता. नात्यागोत्यात पाळणा फिरे तेव्हा देणारी आणि घेणारी दोघी बरोबरीच्या असत. आज घेणारी दुसऱ्या भाषेची, अनोळखी असते. अशा वेळी ती बरोबरी कधी कधी किंमतच राखते, असे मला त्या दारात वाटले. सर्वत्र तसे होते, असे मी म्हणणार नाही. ती चारशे रुपये देऊ शकली नसती तर हा नियम निरुपयोगी होता.

माझी लेक तेलाची बाटली घेऊन खाली बसली. दोघींनी मिळून चाक काढले, पुसले, पुन्हा बसविले.

पिवळे झबले मात्र कोणी घेतले नव्हते. मी पैशांच्या डब्यात दहा रुपये टाकले आणि ते माझ्या पिशवीत ठेविले.