माझं काम मीच सांगणार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



'स्त्रिया आणि संगणक' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं होतं. विषय फार मोठा आहे, आणि त्यावर मोठं बोलणारे पुष्कळ आहेत. मी गेली अठरा वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे मी माझ्या अनुभवातल्या एका लहान गोष्टीबद्दल बोलणार आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या एका परिषदेत मी २०१७ साली पंचवीस मिनिटं उभी राहून माझं काम मांडलं, त्याबद्दल.

अशी परिषद म्हणजे काय, ते आधी सांगते. संयोजक काही महिने आधी आवाहन काढतात, की ज्यांना काही मांडायचं आहे त्यांनी प्रस्ताव पाठवा. शे-दोनशे शब्दांत विषय लिहायचा. एक समिती निवड करते. निवड झाली, की लॅपटॉप पडद्याला जोडून, आपण कोणता प्रश्न कसा सोडवला ते आपल्याच धंद्यातल्या माणसांना दाखवायचं. शेवटी पाच मिनिटं प्रश्नोत्तरं. यात पैसे बहुधा मिळत नाहीत. पण जो तिथं बोलतो, त्याचं नाव लोकांच्या लक्षात राहतं. पुढची नोकरी, पुढची बढती, 'अडलं तर त्याला विचारा' असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं तो माणूस, हे सगळं हळूहळू त्या मंचावरून ठरत जातं. म्हणून तिथं कोण उभं राहतं, हा प्रश्न साधा नाही.

आता माझं काम. आमची कंपनी पतपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. एक दिवस एका शाखेतून फोन आला. एक बाई ठेव मोडायला आल्या होत्या. पावती त्यांच्या हातात होती, पण संगणक म्हणत होता, या नावाचं खातंच नाही. त्यांचं आडनाव कुऱ्हाडे. कारकुनानं चार वेळा नाव टाईप केलं आणि चारही वेळा उत्तर आलं, नाही. बाई घाबरून गेल्या. घरात कुणाला न सांगता साठवलेले पैसे होते ते.

हा घोटाळा आपल्या मराठीतल्या एका अक्षराचा होता. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द आठवा. पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. एकात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा आडवा र संगणकात साठवायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे युनिकोडमध्ये नुक्त्याचा वेगळा ऱ आहे, तो घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी म्हणजे साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पण संगणक अक्षर बघत नाही, तो अक्षरामागचे आकडे बघतो. आकडे वेगळे म्हणजे त्याच्या लेखी नाव वेगळं. जुन्या नोंदी एका रीतीनं साठवलेल्या होत्या आणि कारकुनाचा कीबोर्ड दुसऱ्या रीतीनं लिहीत होता. अक्षरांची रूपं सारखी करून घेण्याची जी ठरलेली प्रमाण पद्धत आहे, तीही या दोन रीती एक मानत नाही. तेव्हा शोधण्याआधी दोन्हीकडचं नाव एका रीतीत आणणारा भाग स्वतः लिहावा लागतो. तो मी लिहिला. त्याला तीन आठवडे लागले.

पतपेढीच्या संचालकांपुढे हे काम दाखवायची वेळ आली, तेव्हा माझे वरिष्ठ उठले आणि त्यांनी ते मांडलं. मी शेजारी बसून लॅपटॉपची बटणं दाबत होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. 'आमच्या टीमनं केलं' असंच म्हणाले. मला राग आला तो घरी गेल्यावर, आणि तोही त्यांचा नव्हे. त्यांनी मला एकदा विचारलं होतं, 'तू बोलतेस का?' आणि मी म्हटलं होतं, 'नको सर, तुम्हीच बोला.' हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज का निघालं? तुमच्यापैकी किती जणींच्या तोंडून ते निघालं आहे?

पुढे दुसऱ्या कंपनीतल्या एका मैत्रिणीनं परिषदेचं आवाहन मला दाखवलं. माझ्याकडे कारणं तयार होती. विषय किरकोळ आहे. इंग्रजी सफाईदार नाही. मुलगी लहान आहे, परिषद शनिवार-रविवारी आहे. माझ्याहून जाणकार माणसं समोर असतील. ती एवढंच म्हणाली, 'तुझ्याहून या र-बद्दल जास्त कुणाला माहीत आहे, त्याचं नाव सांग.' मला सांगता येईना. त्या रात्री मी प्रस्ताव लिहिला. पहिल्या फेरीत समिती नावं झाकून वाचते, असं त्या आवाहनात लिहिलं होतं. त्याचा मला फार आधार वाटला.

निवड झाल्यावर खरी भीती सुरू झाली. मी थोरामोठ्यांची भाषणं बघायला लागले. ग्रेस हॉपर या अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ. त्या भाषणाला जाताना तारेचे तुकडे घेऊन जायच्या. प्रत्येक तुकडा साधारण तीस सेंटिमीटरचा. सेकंदाच्या अब्जाव्या भागाला नॅनोसेकंद म्हणतात. तेवढ्या वेळात प्रकाश जितका लांब जातो, तेवढी ती तार. ऐकणाऱ्यांच्या हातात ती द्यायची. उपग्रहामार्फत निरोप जायला एवढा वेळ का लागतो, असं एखादा अधिकारी विचारी, तेव्हा इथून उपग्रहापर्यंत असे पुष्कळ तुकडे बसतात, असं त्या समजावत. १९८२ साली त्यांनी दिलेलं एक व्याख्यान अमेरिकी सरकारी खात्याच्या कपाटात पडून होतं. ते २०२४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. मिळालं तर जरूर बघा. अवघड गोष्ट हातात धरता येईल इतकी सोपी करणं ही विद्वत्ताच आहे, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

मी तार आणली नाही. जाड पुठ्ठ्याची अक्षरं कापली. र, मोडका पाय, नुक्ता, आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हासाठी पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन. तालीम केली ती स्वयंपाकघरात, सासूबाईंसमोर. त्या भाजी निवडत होत्या. पंचवीस मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'मग त्या बाईंना पैसे मिळाले का?' मी ते सांगितलंच नव्हतं. सुरुवात युनिकोडच्या तक्त्यानं केली होती. त्या रात्री मी सगळं उलटं केलं. आधी पावती हातात घेतलेली बाई, मग अक्षर, मग आकडे, मग उपाय. आणि हो, त्यांना त्यांचे पैसे मिळाले. त्या दिवशी कारकुनानं जुन्या वहीवरून खातं शोधून दिलं.

परिषदेच्या दिवशी पहिली अडचण आली माइकची. ड्रेसला लावायचा छोटा माइक असतो आणि त्याला काड्यापेटीहून थोडी मोठी एक डबी. ती डबी कमरेच्या पट्ट्याला अडकवायची. मी सलवार-कमीज घातलेली. ना पट्टा, ना खिसा. तो मदतनीस मुलगा लाजून इकडेतिकडे बघायला लागला. शेवटी मी डबी डाव्या हातात धरली आणि तशीच बोलले. ते यंत्र करणाऱ्यानं बोलणाराच्या कमरेला पट्टा गृहीत धरला होता. व्यवस्था आपल्याला वगळते ती कधी कधी इतकी साधेपणानं, दुष्टाव्याशिवाय.

दुसरी अडचण मी स्वतः केली होती. मंचावर नाव टाईप करून दाखवायचं, की बघा, सापडत नाही. टाईप केलं, तर लगेच सापडलं! मी बिघाड दाखवायला उभी आणि बिघाडच होईना. आदल्या रात्री शेवटची तालीम करताना त्याच यादीवर मी दुरुस्ती चालवून ठेवली होती. सभागृहात हसू पसरलं. माझे कान तापले. पण अशा वेळेसाठी पडद्याची छायाचित्रं आधीच काढून ठेवली होती. ती दाखवली आणि म्हटलं, 'माझी दुरुस्ती किती चांगली आहे, ते तुम्ही पाहिलंच.' परत हसू आलं, पण या वेळी माझ्या बाजूचं. जिला कुणाला असं काही करून दाखवायचं असेल तिला सांगते, यंत्रावर भरवसा ठेवा, पण छायाचित्रं जवळ ठेवा.

प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी विचारलं, 'हे डिझाइन तुमच्या टीममध्ये मुळात कुणाचं?' माझ्या आधी बोललेल्या तिघा पुरुषांना हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, 'माझं.' एकच शब्द. तो उच्चारायला मला अकरा वर्षं लागली होती.

हे माझ्या एकटीचं दुखणं असतं, तर इथं सांगितलं नसतं. फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९४६ मध्ये एनियाक हा प्रचंड संगणक जगाला पहिल्यांदा दाखवण्यात आला. तोफगोळ्याचा मार्ग त्यानं गोळा जमिनीवर पोचायच्या आतच मोजून दाखवला. ज्या प्रोग्रॅमवर हा चमत्कार झाला तो बेटी जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर या दोन तरुणींनी तयार केला होता. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्यात चूक होती, हिशेबातला गोळा जमिनीवर पोचूनही थांबत नव्हता. बेटी स्नायडर यांना रात्री उपाय सुचला आणि सकाळी जाऊन त्यांनी एक कळ बदलली. प्रयोग उत्तम झाला. त्या रात्री विद्यापीठात मेजवानी झाली. तिचं निमंत्रण या मुलींना नव्हतं. त्यांच्यासह एनियाकवर काम करणाऱ्या सहाही जणींचा व्यावसायिक स्त्रियांच्या एका संस्थेनं गौरव केला तो १९९७ मध्ये, एकावन्न वर्षांनी. काम बाईचं आणि मांडणी दुसऱ्याची, ही रीत आपल्या धंद्याच्या जन्मापासूनची आहे.

पण रीत बदलता येते. पायथन ही संगणकाची एक भाषा. ती वापरणाऱ्यांची अमेरिकेत पायकॉन नावाची परिषद भरते. तिथं २०११ साली शंभरातलं एक भाषण स्त्रीचं होतं. २०१६ साली शंभरात चाळीस. पाच वर्षांत हुशार बायका अचानक जन्माला आल्या का? नाही. मधल्या काळात स्त्रियांनी आपले गट बांधले, आणि कार्यकर्त्यांनी एकेकीला गाठून सांगितलं, प्रस्ताव पाठव, आम्ही मदत करतो. बर्लिनच्या जेएसकॉन्फ या परिषदेत २०१२ साली बोलणाऱ्यांत पाव हिस्सा स्त्रिया होत्या. तिथं नावं झाकून निवड झाली, पण त्याआधी स्त्रियांना मुद्दाम बोलावून लिहायला लावलं होतं. हे दुसरं महत्त्वाचं. प्रस्तावच आला नाही, तर नाव झाकून काय उपयोग?

आता तुम्ही म्हणाल, आमचा संगणकाशी काय संबंध? तुमच्या बचत गटाचा हिशेब कोण लिहितं? तुम्ही. बँकेचा साहेब आला की तो कोण समजावून सांगतं? कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी मुलगा, नाही तर सरपंच. अंगणवाडीतल्या वजनांचे आकडे तुम्ही घेता आणि बैठकीत ते वाचतं दुसरंच कुणी. ही तीच मेजवानी आहे.

म्हणून दोन गोष्टी मागते. एक, पुढच्या बैठकीत आपलं काम आपण मांडायचं. आकडे चुकले तर दुरुस्त करू, शब्द अडखळले तर अडखळू देत, पण 'तुम्हीच बोला' म्हणायचं नाही. दुसरी, शेजारणीला तिचं नाव घेऊन सांगायचं, 'तू बोल.' कुणीही बोला म्हटलं, की कुणी बोलत नाही. आणि ती बोलत असेल, तेव्हा तिचं मूल कुणी तरी मांडीवर घ्यायचं. माझी मुलगी त्या दिवशी माझ्या मैत्रिणीच्या मांडीवर झोपली होती, म्हणून मी बोलू शकले.

ती पुठ्ठ्याची अक्षरं मी आज बरोबर आणली आहेत. चहाच्या वेळी या, हातात घेऊन बघा. एवढं बोलून थांबते.