टोकिओत आम्ही दोघे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला जपानविषयी चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा आधी मी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पापडाचा हिशेब सांगण्यापलीकडे मी इथे कधी उभी राहिलेली नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाहिलेत तेवढेच सांगा." म्हणून सगळा जपान सांगत नाही, आम्ही दोघांनी टोकिओत हिंडून काढलेला एकच दिवस सांगते.

गेल्या आषाढात आम्ही मुलाकडे गेलो होतो. तो शहराच्या पूर्वेला निशि-कासाई भागात राहतो. तिथे आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे आहेत. तूरडाळ, हिंगसुद्धा मिळतो. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ तिथल्याच एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले.

मुलाला कामावर जायचे होते. त्याने कागदावर सगळा मार्ग मराठीत लिहिला आणि कागद नि फोन ह्यांच्याकडे दिला. माझ्याजवळ फक्त गाडीचे कार्ड. हे बी.कॉम. झालेले, तेव्हा त्यात मला वावगे वाटले नाही. पंचवीस वर्षे बाहेर निघालो की हे पुढे आणि मी चार पावले मागे, हीच आमची रीत.

तिथल्या पाट्या पाहिल्या नि मला मनातल्या मनात हसू आले. जपानी अक्षरांपुढे बी.कॉम. आणि सातवी सारखेच! परंतु प्रत्येक स्टेशनाला इंग्रजी अक्षर आणि आकडा दिलेला असतो. आमचे स्टेशन टी १६. मी आपली गंमत म्हणून आकडे मोजत बसले. टी १० ला गाडी बदलली आणि जी १९ ला, म्हणजे आसाकुसाला उतरलो. ह्या दुसऱ्या मार्गाचा आसाकुसा ते उएनो हा तुकडा १९२७ साली सुरू झाला. आशियातली ती पहिली भुयारी रेल्वे.

आसाकुसाला सेन्सोजी हे करुणेच्या देवतेचे, कान्नोनचे देऊळ आहे. दोघा कोळी भावांच्या जाळ्यात ६२८ साली ही मूर्ती सापडली अशी कथा सांगतात. वेशीवर भला मोठा तांबडा कंदील, पुढे दुतर्फा दुकाने, अगदी आपल्या देवळाच्या वाटेसारखी. आत जाण्याआधी हात धुतात आणि उदबत्त्यांचा धूर अंगावर घेतात. मार्च १९४५ मधल्या एका रात्री ह्या बाजूवर विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले. सुमारे १ लाख माणसे त्या रात्रीत गेली. देऊळही जळाले, आजचे देऊळ १९५८ साली बांधलेले आहे. तिथे आजीबाई डोळे मिटून उभ्या होत्या. त्यांच्या घरातले त्या रात्री कोण गेले असेल, असे मनात येऊन मीही हात जोडले.

शंभर येन टाकून ह्यांनी भविष्याची चिठ्ठी काढली. ती निघाली वाईट! तशी चिठ्ठी तिथेच बांधून यायची असते. ह्यांनी ती दोन गाठी मारून बांधली.

तिथून उएनोला गेलो. शिनोबाझु तळे कमळांनी भरले होते. मधल्या बेटावर बेन्तेनचे देऊळ आहे. बेन्तेन म्हणजे आपली सरस्वतीच, हाती वीणेसारखे वाद्य. एवढ्या लांब तिची भेट झाल्यावर माझे डोळे भरून आले. तळ्याकाठी बसून दशम्या खाल्ल्या. कचऱ्याची पेटी कुठे दिसेना, म्हणून कागद पिशवीत परत घेतले. तिथे सगळे तसेच करतात.

पुढे हिरव्या पट्ट्याच्या गाडीने निप्पोरीला जायचे होते. गर्दीत हे आत चढले, मी पदर सावरीपर्यंत दारे मिटली आणि गाडी निघून गेली! कागद ह्यांच्याकडे, फोन ह्यांच्याकडे. पोटात गोळा आला. हे पुढल्या स्टेशनावरून परत येतील का? मी गेले आणि हे आले तर? मग विचार केला, पंचवीस वर्षांत मी ह्या माणसाला पुरती ओळखले आहे. कागदावर लिहिले असेल तिथेच हे उतरणार. उएनो ५ आणि निप्पोरी ७, हे आकडे मी पाटीवर मोजून ठेवले होते. शेजारच्या छत्रीवाल्या आजींना पाटीवरचा ७ दाखवला. त्या "निप्पोरी?" म्हणाल्या, माझा हात धरून गाडीत बसल्या आणि निप्पोरीला मला उतरवून वाकून नमस्कार करून गेल्या. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना नाही. काही अडले नाही.

हे फलाटावर घामाने चिंब उभे होते. म्हणाले, "परत निघालो होतो गं, पण कुठल्या फलाटावर जायचे तेच कळेना." मग खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "हा तूच ठेव."

यानाका हा भाग १९२३ च्या भूकंपातून आणि युद्धातून बराचसा वाचला. अरुंद बोळ, देवळे, दारापुढे कुंड्या. तिथे मी फुलांसाठी बांबूची परडी घेतली. संध्याकाळी पायऱ्यांवर बसून दोघांनी मावळतीचे ऊन पाहिले. परतताना कागद माझ्या हाती होता आणि आम्ही शेजारीशेजारी चालत होतो.

मैत्रिणींनो, शिकायचे राहून गेले ही खंत आपल्यातल्या कित्येकींना आहे. पण मला त्या दिवशी चार अक्षरे नि दहा आकडे पुरले. माझी मंडळाला विनंती आहे की, शनिवारी एक तास आपण इंग्रजी अक्षरे, गाडीच्या पाट्या आणि फोनवरचा नकाशा शिकू या. ज्यांना येते त्यांनी शिकवावे. पहिल्या रांगेत मी बसेन.