आशेचा उगम



रुग्णालयात आशा हा शब्द आपण बहुधा ‘आजार बरा होईल’ एवढ्याच अर्थाने उच्चारतो. त्या आशेसाठीच आपले डॉक्टर व परिचारिका अहोरात्र झटतात. परंतु औषधांना मर्यादा पडते तेव्हा मनुष्याने कशाच्या आधारे उभे राहावे? या प्रश्नाशी आम्हांस पंडिता रमाबाईंचे स्मरण होते.

१८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण गेली. १८८० मध्ये बंधू श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्या तान्ह्या मनोरमेसह उरल्या. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि, आपणांस धर्म लाभला पण ख्रिस्त लाभला नव्हता, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे नमूद केले. अंतरीची शांती त्यांना गवसली ती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी.

ही शांती स्वस्थ बसली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. तेथे शेती, विणकाम, छपाई शिकविली जाई. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाई. १९२१ मध्ये मनोरमाबाई मातेआधीच निवर्तल्या. श्रद्धेने तो आघात टळला नाही. पण बायबलच्या मराठी भाषांतराचे काम थांबले नाही. १९२२ मध्ये रमाबाईंनी देह ठेवला.

ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म आम्हांस येथे दिसते. पुनरुत्थानाची पहाट वधस्तंभाला वळसा घालून येत नाही. ती त्याच्या पलीकडे उगवते. म्हणून ज्यांचे रुग्ण बरे होऊन घरी गेले त्यांच्यासमवेत आम्ही आभार मानतो; आणि ज्यांचे रुग्ण परतले नाहीत, त्यांना ‘तुमचा विश्वास उणा पडला’ असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

आपल्या वॉर्डांत सर्व धर्मांचे रुग्ण येतात. प्रार्थना इच्छेनुसार असावी, शुश्रूषा मात्र सर्वांना समान. आपल्या देणगीतून खाट व औषध मिळते; त्या खाटेशेजारी घटकाभर बसणारे माणूसही हवे. ते आपण व्हावे, ही नम्र विनंती. परमेश्वर आपणां सर्वांस नवे बळ देवो.