पोवाड्यातला सोंगट्यांचा डाव



कथाकाव्य कसे वाचावे, याविषयी चार शब्द सांगावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय मोठा आहे, म्हणून पुण्याच्या उंबरठ्यावरचे एकच काव्य घेते. ते म्हणजे तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा. अ‍ॅक्वर्थसाहेब व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला, त्यात तो आहे.

आपण मुलांना घेऊन गडावर जातो, पिठलंभाकरी खातो, तानाजीच्या समाधीपुढे हात जोडतो. तिथे एखादे मूल हमखास विचारते, “आई, घोरपड खरंच कड्यावर चढली होती का?” ‘हो’ म्हणावे तर इतिहास आडवा येतो. ‘नाही’ म्हणून गप्प बसावे तर घोरपडीबरोबर सगळा पोवाडाच त्याच्या मनातून उतरतो. मग सांगावे तरी काय?

आधी इतिहास पाहू. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हा किल्ला गेला. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी तो परत घेतला आणि तिथेच देह ठेवला. किल्लेदार उदेभानही पडला. सभासदाची बखर या प्रसंगानंतर पंचवीसएक वर्षांनी लिहिलेली. तिच्यात पाचशे माणसे आहेत, कडा चढून जाणारे दोन मावळे आहेत, त्यांनी लावलेली माळ आहे. घोरपड मात्र नाही. ‘सिंहगड’ हे नावसुद्धा तानाजीच्या मृत्यूनंतर पडलेले नव्हे. १६६३ च्या पत्रात ते आढळते.

आता पोवाड्याकडे वळू. त्याची सुरुवात लढाईने होत नाही, खेळाने होते. जिजाबाई प्रतापगडावर आहेत. केस विंचरताना त्यांना दूरवर सिंहगड दिसतो. त्या राजगडाहून शिवबाला बोलावून घेतात आणि त्याच्याशी सोंगट्यांचा डाव मांडतात. मुलगा हरतो. हरल्यावर पण द्यायचा, तेव्हा आई मागते सिंहगड. आणि गड तर मोगलाच्या हातात! दुसरे काही माग म्हटले तरी ती ऐकत नाही.

असा डाव खरोखर झाला, याला बखरीचा आधार नाही. मग शाहिराने तो का घातला? मला वाटते, ऐकणाऱ्यांना दुसरा एक डाव पाठ होता म्हणून. धर्मराजाच्या द्यूतात राज्य गेले आणि भर सभेत घरच्या सुनेची विटंबना झाली. तिथे स्त्री पणाला लागली. इथे स्त्री स्वतः फासे टाकते आणि गेलेले राज्य मागून घेते. एवढी मोठी गोष्ट शाहीर एका पटावर सांगून जातो.

परंतु तो तिथेच थांबत नाही, आणि मला हीच या काव्याची खरी थोरवी वाटते. डाव राजवाड्यात झाला, पण त्याची किंमत कोणाच्या घरी पोचली? उमरठ्याला. तिथे रायबाच्या लग्नाची धांदल चालली आहे. महाराजांचे बोलावणे येते आणि नवऱ्या मुलाचा बाप लग्नघर सोडून निघतो. आधी कोंढाण्याचे लग्न, मग रायबाचे, ही तर आता म्हणच होऊन बसली आहे. जिजाबाई तानाजीला ओवाळतात, तेही मुलगा समजून. ज्याला ओवाळले तोच परत येत नाही. लग्नघरातली लगबग जिने अनुभवली आहे, तिला या एका गोष्टीतले दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तुलनेसाठी साता समुद्रापलीकडची एक कविता सांगते. अमेरिकेत बेसबॉल हा लोकांचा आवडता खेळ. अर्नेस्ट थेयर या तरुणाने ३ जून १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्रात ‘केसी अ‍ॅट द बॅट’ ही कथाकविता छापली. मडव्हिल गावचा संघ हरत आला आहे, आणि सगळ्यांची आशा केसी या एका फलंदाजावर आहे. त्या खेळात फलंदाजाचे तीन चेंडू वाया गेले की तो बाद. केसी ऐटीत दोन चेंडू नुसते जाऊ देतो. तिसऱ्यावर जोराने दांडू फिरवतो आणि तो हवेतच फिरतो. संपले! डी वुल्फ हॉपर या नटाने ती कविता रंगभूमीवर हजारो वेळा म्हटली. मडव्हिल हे गाव काल्पनिक, तरी ते आपलेच म्हणून अमेरिकेतली दोन गावे आजही भांडतात. गोष्ट लोकांच्या मनात बसली की ती घडली की नाही याला फारसे महत्त्व उरत नाही, हेच त्यावरून दिसते.

त्या कवितेत डाव हरला आणि लोक हसत हसत ती आठवतात. आपल्या पोवाड्यात डाव जिंकला, गडही जिंकला, आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. हरिभाऊ आपट्यांनी आपल्या कादंबरीला ‘गड आला पण सिंह गेला’ हे नाव दिले, त्यात हेच सारे आले. नुसता विजय गायचा असता तर शाहिराला लग्नघराची गरज नव्हती. विजयाची किंमत कोणी मोजली, हे विसरू नये म्हणून त्याने ते घातले.

तेव्हा भगिनींनो, मुलाने विचारले तर खरे तेच सांगावे. घोरपड बखरीत नाही. मावळे हातापायांनी कडा चढले, आणि ते घोरपडीहूनही अवघड होते. सोंगट्यांचा डाव झाला असे कागद सांगत नाहीत. पण एका आईला गेलेला गड सलत होता आणि दुसऱ्या घरचा कर्ता पुरुष त्यासाठी लग्न टाकून गेला, हे लोकांच्या मनाला कसे लागले, ते मात्र या पोवाड्याइतके कोणी सांगत नाही. घटना कशी घडली ते बखरीला विचारावे, आणि ती लोकांना कशी लागली ते शाहिराला. दोघांनाही आपल्या घरात जागा आहे.

पोवाड्याच्या शेवटी महाराज स्वतः रायबाचे लग्न लावून देतात. मुलांना गोष्ट सांगताना तेवढे राहून जाते. यापुढे तेही सांगत जाऊ या.