पाखरांचे पाणी आणि माणसांचा हक्क



नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. हे पाणी मुळात माणसाने शेतीसाठी अडवलेले आहे. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीस बंधारा बांधला गेला व त्यातून कालवे निघाले. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, उथळ पाणी व बेटे तयार झाली आणि तेथे चक्रवाक, थापट्या, वारकरी ही पाखरे हजारोंनी उतरू लागली. १९८६ साली शासनाने अभयारण्य जाहीर केले. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीतील महाराष्ट्राचे पहिले स्थळ म्हणून या जागेची घोषणा झाली.

या संरक्षणाला आपला विरोध असण्याचे कारण नाही. शिकार थांबलीच पाहिजे. प्रश्न आहे तो नियमांचा भार कोणी वाहावयाचा, हा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पर्यटक, छायाचित्रकार व अभ्यासक यांना अभयारण्यात प्रवेशाचा परवाना मिळू शकतो. त्याच कायद्याचे कलम २९ परवान्याशिवाय तेथील वन्यजीव नेण्यास आणि ‘कोणत्याही कृत्याने’ त्यांच्या अधिवासाची हानी करण्यास मनाई करते. हे शब्द नीट वाचा. काठावर जाळे टाकणारा या कलमाच्या कचाट्यात सहज सापडतो. पण नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीतून याच जलाशयाकडे वाहत येते, त्यावर पाणवेली माजतात, ते ‘कृत्य’ नव्हे काय? कायदा एक आणि त्याचे डोळे मात्र दोन, हा न्याय आपण मान्य करता कामा नये.

नांदूर मध्यमेश्वरला अभिमानाने ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटले जाते. मग भरतपूरचा पुरता इतिहास आपण जाणून घेतला पाहिजे. तेथे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद करण्यात आली. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यावरून संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे प्राण गेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रदीर्घ अभ्यासातून दिसले ते असे की, म्हशी हटल्यावर पाणगवत बेसुमार वाढले, उघडे पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. ज्या पाखरांसाठी माणसे मारली, त्या पाखरांचेही त्यात भले झाले नाही. गावकऱ्यांना विचारले असते तर गवताचा व गुरांचा हिशेब त्यांनी सांगितला असता.

१९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेला करारदेखील पाणथळ जागांना कुंपण घाला असे म्हणत नाही. तो ‘सुज्ञ वापर’ सांगतो. आपला कायदाही सर्वस्वी आंधळा नाही. अभयारण्याच्या हद्दीतील जुने हक्क मुख्य वन्यजीव रक्षकाच्या सल्ल्याने चालू ठेवण्याचा अधिकार त्याने जिल्हाधिकाऱ्यास दिला आहे. २००२ च्या दुरुस्तीने अभयारण्यासाठी सल्लागार समिती नेमणे आवश्यक केले व तीत पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी ठेवले. मासेमार व गुराखी यांना मात्र तीत स्वतंत्र जागा नाही.

म्हणून काठावरच्या गावांतील कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. पंचायतीच्या तीन जागांवर मासेमार, पशुपालक व भूमिहीन स्त्रिया यांची माणसे पाठवावीत. मासेमारी, चराई, गवतकापणी यांचे नियम हंगाम व अभ्यास पाहून ठरावेत आणि ते मराठीतून ग्रामसभेत वाचले जावेत. शुद्ध न केलेले सांडपाणी नदीत सोडणाऱ्यांवर, मग ते कितीही मोठे असोत, हेच कलम लागू व्हावे.

बंदी घालणे सोपे असते, कारण तिची किंमत बहुधा दुबळ्याला मोजावी लागते. जे पाण्याकाठी राहतात, त्यांच्याच संमतीने व पहाऱ्याने ते पाणी टिकेल. ही गोष्ट शासनाला पटवून देणे आणि गावागावांत त्यासाठी संघटना उभी करणे, हे आपले काम आहे.