वाकलेल्या भिंती, शाबूत चेहरे
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)



शाळेच्या महोत्सवात सर्वांचे एकत्रित छायाचित्र हा ठरलेला प्रसंग. अनेक तुकड्या एकाच अंगणात उभ्या राहतात, छायाचित्रकार मागे सरकत सरकत कुंपणाला टेकतो आणि तरीही दोन्ही टोकांची दहा-बारा माणसे चौकटीबाहेर उरतात. अशा वेळी कोणाच्या तरी कपाटातील जुने मत्स्यनेत्र भिंग, म्हणजे फिशआय लेन्स, बाहेर काढावी अशी सूचना होते. पाठोपाठ आक्षेपही येतो : त्यात सारेच वाकडे दिसते. हा आक्षेप खरा आहे. पण अर्धाच खरा आहे.

या भिंगाचे नाव अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांच्याकडून आले. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग कसे दिसत असेल, हा त्यांचा प्रश्न होता. पाण्याच्या पृष्ठभागावर होणाऱ्या वक्रीभवनामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे संपूर्ण दृश्य सुमारे ९७ अंशांच्या वर्तुळात सामावते. वुड यांनी पाणी भरलेला कॅमेरा बनवून तशी छायाचित्रे घेतली आणि १९०६ साली आपला लेख प्रसिद्ध केला. पुढे १९२४ च्या सुमारास केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी संपूर्ण आकाश एका चित्रात टिपणारे भिंग योजले, ते ढगांच्या नोंदीसाठी. (प्रकाशसंश्लेषणातील ‘हिल अभिक्रिया’ ज्यांच्या नावाने शिकवली जाते, तेच हे हिल.) चमत्कृतीची हौस नंतरची, मुळात काहीही वगळायचे नाही, ही या भिंगामागची गरज होती.

आता वाकडेपणाविषयी. पृथ्वीचा गोल सपाट कागदावर आणताना नकाशाकाराला काहीतरी बिघडवावेच लागते. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड अवास्तव फुगते, तसेच हे आहे. रुंद दृश्य घेणारे नेहमीचे भिंग भिंती सरळ ठेवते, पण त्याची किंमत कडेच्या माणसांकडून वसूल करते. मध्यापासून ५० अंश बाजूला असलेल्या माणसाचा चेहरा त्यात बाहेरच्या दिशेला ताणला जाऊन रुंदीत उंचीच्या मानाने दीडपटीहून अधिक होतो. बहुतेक मत्स्यनेत्र भिंगांत त्याच जागी चेहरा सुमारे एक पंचमांशाने चेपतो, इतकेच. भिंत वाकते, दाराची चौकट वाकते. माणूस ओळखू येतो. साठ वर्षांनंतरच्या छायाचित्रात कोण अधिक महत्त्वाचे, भिंत की माणूस, हे महोत्सव समितीने ठरवायचे आहे.

जुने भिंग घेताना काही गोष्टी पाहाव्या लागतात. निक्कॉरचे १९७९ चे १६ मिलिमीटरचे भिंग किंवा रशियन झेनिटार ही परिचित उदाहरणे. पुढची काच फुगीर असल्याने फिल्टर मागच्या बाजूला बसतो, आणि तो भिंगाच्या रचनेचाच भाग असल्याने एक फिल्टर नेहमी जागेवर असावा लागतो. हातोहात फिरलेल्या भिंगातून नेमका तोच हरवलेला असतो. काचेतील बुरशीही उजेडासमोर धरून तपासावी. दमट हवेच्या गावात तर आधी तेच करावे. शिवाय लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर कडा कापल्या जातात, म्हणजे ज्या कामासाठी भिंग आणले तेच निम्मे वाया जाते. पूर्ण आकाराचा सेन्सर आणि योग्य अ‍ॅडॅप्टर हवा. फोकस आणि अ‍ॅपर्चर हातानेच लावायचे असले तरी त्यात भीतीचे कारण नाही : अ‍ॅपर्चर ८ वर आणि फोकस एक मीटरवर ठेवला, की अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट येते.

खरे कौशल्य माणसे उभी करण्यात आहे. सरळ रांगेत टोकाची माणसे कॅमेऱ्यापासून दूर जातात आणि लहान दिसतात. म्हणून रांग अर्धवर्तुळात लावावी आणि कॅमेरा त्याच्या केंद्रस्थानी ठेवावा; मग पहिला आणि शेवटचा विद्यार्थी सारख्याच अंतरावर येतात. चित्राच्या मध्यबिंदूतून जाणारी रेषा या भिंगातही सरळच राहते. त्यामुळे कॅमेरा उभ्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर, वर-खाली न झुकवता धरला, तर ती रांग सरळ येते. बसलेल्यांच्या रांगेला थोडा बाक येतो. कॅमेरा वर झुकला की क्षितिज वाटीसारखे खोलगट दिसते, खाली झुकला की टेकडीसारखे फुगते. छायाचित्रकाराचे स्वतःचे बूट, तिवईचे पाय आणि सकाळची लांब सावली हेही चित्रात न बोलावता येतात. सूर्य समोर असेल तर फुगीर काचेवर प्रकाशाचे ठिपके उमटतात, तेव्हा तो इमारतीआड असण्याची वेळ गाठावी. मात्र एकदा हे भिंग हाती आले म्हणून प्रत्येक वर्गाचे, प्रयोगशाळेचे आणि मुख्याध्यापकांच्या टेबलाचेही असेच चित्र काढण्याचा उत्साह आवरावा.

शेवटी संगणक. वाकलेल्या रेषा सरळ करून देणाऱ्या प्रणाली आता सहज मिळतात आणि स्मरणिकेचे काम करणाऱ्यांना तो मोह होतोच. पण रेषा सरळ झाल्या की कडेचे चेहरे पुन्हा ताणले जातात; चौकट आयताकृती करताना त्यातील काही कापलेही जातात. चित्र जसे आले तसेच, जोडपानावर, कापणीसाठी दोन्ही कडांना पुरेशी जागा सोडून छापावे. खालची नावे डावीकडून पहिल्या माणसापासून सुरू करावीत.